फुकट फोटो, रिकामी गाडी

अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा खलाशांच्या पैशावर उभी राहिली. १७९८ च्या कायद्याने प्रत्येकाच्या पगारातून महिन्याला २० सेंट कापले जात आणि त्यातून आजारी खलाशांची सोय होई. पुढे पसारा वाढला. आजचे नाव १९१२ मध्ये आले.

खरा पेच पडला तो १९५० च्या दशकात. टीबी शोधायला एक्स-रेच्या गाड्या थेट वस्तीत येऊन उभ्या राहत. छातीचा फोटो फुकट, तरी पुष्कळजण तिकडे फिरकत नसत. लोकच आळशी, असे म्हणून हात झटकता आले असते. सेवेने समाज-मानसशास्त्रज्ञांना कामाला लावले. गॉडफ्रे हॉकबॉम यांनी तीन शहरांत हजारावर प्रौढांना गाठले. ‘टीबी मलाही होऊ शकतो’ आणि ‘लवकर कळला तर फायदा आहे’ हे दोन्ही ज्यांना पटले होते, त्यांच्यातल्या ८२ टक्के लोकांनी फोटो काढून घेतला होता. ज्यांना दोन्ही पटले नव्हते, त्यांच्यात २१ टक्के. ‘मला काय धाड भरलीय’ या आपल्या नेहमीच्या वाक्याला आकडा मिळाला तो असा. हॉकबॉम यांचा अहवाल १९५८ चा. त्यावर अर्विन रोझेनस्टॉक आणि सहकाऱ्यांनी ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ उभारले: धोका आपला वाटतो का, आजार गंभीर वाटतो का, उपायाचा फायदा दिसतो का, आड काय येते.

त्याच चमूतले हॉवर्ड लेव्हेंथल पुढे येल विद्यापीठात गेले. १९६५ च्या त्यांच्या प्रयोगात धनुर्वाताच्या भयंकर वर्णनाने विद्यार्थी घाबरले, पण तेवढ्याने लस टोचून घ्यायला गेले नाहीत. दवाखान्याची खूण केलेला नकाशा देऊन ‘कधी जाणार ते ठरवा’ म्हटल्यावर मात्र २८ टक्के गेले. एरवी ३ टक्के. दवाखाना कुठे आहे हे त्यांना आधीच ठाऊक होते, बरे का!

याच सेवेचे दुसरे दप्तरही उघडायला हवे. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ पासून सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीयांना उपचाराविना नुसते तपासले जात होते. येण्याजाण्याची सोय, गरम जेवण, अंत्यविधीचा खर्च, सगळे मिळे. आपल्यावर इलाज चाललाय या समजुतीने माणसे येत राहिली. पेनिसिलिन आले, त्यांना दिले नाही. १९५८ मध्ये, म्हणजे हॉकबॉम यांच्या अहवालाच्याच वर्षी, त्यांना २५ वर्षांच्या सहभागाचे प्रशस्तिपत्र आणि २५ डॉलर मिळाले. बोलावणाऱ्यावर विश्वास ठेवावा का, हा रकाना त्या मॉडेलमध्ये नव्हता. माझ्या मते तीच त्याची मोठी उणीव.

१९७२ मध्ये वृत्तपत्रांनी बिंग फोडल्यावर प्रकार थांबला. १९९७ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली, तेव्हा त्या अभ्यासातले आठजण हयात होते.