काळ्या रानातलं मीठ

नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ दरम्यान उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती सापडली. इ. स. पूर्व १०००च्या सुमारास ती ओस पडली. पाऊसमान घटल्यामुळे, असं अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. आज याच तालुक्यातली काही जमीन पिकातून उठते ती पाण्याच्या अतिरेकाने.

पूर्वी इथे ज्वारी-बाजरी आणि मोटेवरचं थोडंफार बागायत. बैल राबवून काढलेलं पाणी कोण वाया घालवील? बारागाव नांदूरला मुळा धरण झालं, उजवा कालवा नेवाशाकडे आला, सोनई आणि भेंड्याला साखर कारखाने उभे राहिले. ऊस आला आणि पाटपाणी दारात आलं.

काळी माती पाणी पिऊन फुगते, पण खाली सहज सोडत नाही. भूजल वर चढतं, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार वरच राहतात. आधी रान चिबडतं, मुळं कुजतात. सोडियम साचला की माती चोपण होते: ओली असताना चिकट, वाळली की दगड.

हे काही मुळाकाठी पहिल्यांदा घडलं नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पंचवीस वर्षांतच शेतीतज्ज्ञ हॅरोल्ड मान आणि तम्हाणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. अभियंते विश्वेश्वरय्या यांनी उसाच्या पाण्याला आवर घालायला तिथे ठरावीक क्षेत्रालाच पाणी देणारी ब्लॉक पद्धत आणली. १९१६ साली मुंबई इलाख्याने सिंचनाच्या अभ्यासासाठी खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची जलसंशोधन संस्था त्यातूनच वाढली. अभियंते इंग्लिस आणि गोखले यांनी १९२८ साली दख्खनच्या कालव्यांवरील निचऱ्याबद्दल सविस्तर टिपणही लिहिलं.

म्हणजे मुळेचं पाणी सुटलं तेव्हा दुखणं आणि औषध दोन्ही ठाऊक होती. तरी कालवा आधी आणि निचऱ्याचे चर मागाहून, हा क्रम काही बदलला नाही.

शेजारच्या राहुरी कृषी विद्यापीठाचे जाणकार माती तपासून जिप्सम टाका, धैंचा गाडा असं सांगतात. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतो. पण हटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. त्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालतात. त्यांचं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं, तर वाटेत शेजाऱ्याचा बांध लागतो, आणि ओढा बुजलेला असला तर तो आधी उकरावा लागतो. हे काम एकट्या खातेदाराच्या हातचं नाही.