धिप्पाड जोडीदाराचं देणं

१८७७ साली टोकियो विद्यापीठातला जिगोरो कानो जुजुत्सू शिकू लागला. अंगकाठी किरकोळ. लहानपणी दांडग्या मुलांचा मार खाल्लेला. वर्गातला जोडीदार फुकुशिमा मात्र चांगलाच धिप्पाड. शिकलेले डाव त्याच्यावर चालेनात. कानोने सुमोचे डाव करून पाहिले, तेही फसले. मग तो ग्रंथालयात गेला. पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकात उपाय सापडला: खाली वाकून आत शिरायचं, समोरच्याला खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि टाकायचा. आपल्या आखाड्यातला कलाजंग आठवा. फुकुशिमा पडला! पुढे ज्यूदोत हाच डाव 'काता-गुरुमा' झाला.

१८८२ साली कानोने एका बौद्ध मंदिरात, १२ तातामी चटयांच्या जागेत, कोदोकान सुरू केलं. तिथला धडा असा: आधी समोरच्याचा तोल मोडा, मग फेका. तोल गेला की वजन त्याच्याच विरोधात जातं. आजचं ब्राझिलियन जिउ-जित्सू याच घराण्यातलं.

त्याला 'लहान चणीच्या माणसाची कला' म्हणतात. पण फुकुशिमा कानोएवढाच असता, तर जुने डाव पुरले असते. म्हणून मोठा जोडीदार टाळू नका. आणि तुम्हीच मोठे असाल, तर नुसतं वजन टाकून जिंकू नका. त्यात दोघंही काही शिकत नाहीत.