क्रायस्लर

क्रायस्लर : मोटारगाड्या बनवणारी अमेरिकेतील एक प्रमुख कंपनी. वॉल्टर पर्सी क्रायस्लर (१८७५–१९४०) यांनी ६ जून १९२५ रोजी तिची स्थापना केली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्याबरोबर डेट्रॉइटच्या तीन बड्या कंपन्यांत तिची गणना होत आली. या तिघींत सर्वाधिक चढउतार क्रायस्लरने पाहिले. दोनदा ती सरकारी आधारावर तगली, एकदा जर्मन कंपनीत विलीन झाली, काही काळ गुंतवणूक संस्थेच्या ताब्यात होती, नंतर इटालियन फियाटकडे गेली आणि २०२१ पासून स्टेलँटिस या बहुराष्ट्रीय समूहाचा भाग आहे. या पडझडीचे खापर सहसा तेलाची टंचाई, जपानी गाड्यांची स्पर्धा आणि जागतिक मंदी यांच्यावर फोडले जाते. कंपनीचा इतिहास क्रमाने पाहिला तर वेगळा निष्कर्ष निघतो. मंदीने क्रायस्लरची दुखणी उघडी पाडली. ती जडली होती मात्र तेजीच्या काळात, हाती आलेला पैसा गाड्यांच्या संशोधनाऐवजी विस्तारावर, दिखाऊ उलाढालींवर आणि भागधारकांच्या समाधानावर खर्च झाला तेव्हा.

वॉल्टर क्रायस्लर मूळचे रेल्वेतील कारागीर. कॅन्ससमधील एलिस येथे युनियन पॅसिफिक रेल्वेच्या कार्यशाळेत त्यांनी उमेदवारी केली आणि पुढे जनरल मोटर्सच्या ब्यूइक विभागाचे प्रमुखपद सांभाळले. तेथून बाहेर पडल्यावर डबघाईला आलेल्या विलीज-ओव्हरलँड आणि मॅक्सवेल या कंपन्यांची घडी बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले. फ्रेड झेडर, ओवेन स्केल्टन आणि कार्ल ब्रीअर या तीन अभियंत्यांनी आखलेली सहा सिलिंडरची ‘क्रायस्लर सिक्स’ १९२४ मध्ये मॅक्सवेलच्याच छत्राखाली बाजारात आली. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आणि अधिक दाबावर चालणारे इंजिन ही वैशिष्ट्ये तोपर्यंत महागड्या गाड्यांपुरती होती; ती मध्यम किमतीच्या गाडीत मिळू लागली, आणि पुढच्याच वर्षी मॅक्सवेलचे रूपांतर क्रायस्लर कॉर्पोरेशनमध्ये झाले. १९२८ मध्ये कंपनीने आपल्यापेक्षा आकाराने कितीतरी मोठी असलेली डॉज ब्रदर्स ही कंपनी विकत घेतली. याच वर्षी स्वस्त गटात प्लिमथ आणि मध्यम गटात डीसोटो ही नावे सुरू झाली. न्यूयॉर्कमधील १,०४६ फूट उंचीची क्रायस्लर बिल्डिंग १९३० मध्ये पूर्ण झाली, पण तिचा खर्च वॉल्टर क्रायस्लर यांनी स्वतःच्या पैशातून केला होता. कंपनीचे भांडवल त्यात अडकले नाही, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते.

१९२९ नंतरची महामंदी हा वरील निष्कर्षाच्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा आहे. त्या काळात अमेरिकेत मोटारगाड्या बनवणाऱ्या कित्येक कंपन्या नामशेष झाल्या. क्रायस्लरची विक्रीही घटली, पण तिने अभियांत्रिकी विभागाला हात लावला नाही. बरेचसे सुटे भाग बाहेरून घेतल्यामुळे रिकामे कारखाने पोसण्याचा बोजा तिच्यावर फोर्डइतका नव्हता. १९३१ मध्ये प्लिमथच्या इंजिनाखाली रबराचे आधार बसवून चालत्या गाडीची थरथर कमी करण्यात आली, आणि स्वस्त गाडीतला हा आराम ग्राहकांना भावला. १९३० च्या दशकात क्रायस्लरने फोर्डला मागे टाकून अमेरिकेत दुसरे स्थान मिळवले व दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षेही ते टिकवले. याच दशकात, १९३४ मध्ये, वाऱ्याचा विरोध कमी करणाऱ्या बांधणीची ‘एअरफ्लो’ ही तिची गाडी सपशेल पडली. काळाच्या पुढे असलेले ते रूप लोकांना रुचले नाही. तरीही कंपनी डगमगली नाही, कारण प्लिमथ खपत होती आणि आर्थिक बाजू सावरलेली होती. एखादी गाडी पडल्याने कंपनी बुडतेच असे नाही. पडण्याआधी तिने काय राखून ठेवले होते यावर ते ठरते.

युद्धकाळात क्रायस्लरने डेट्रॉइटजवळ वॉरन येथे रणगाड्यांचा प्रचंड कारखाना चालवला. युद्ध संपल्यावर गाड्यांची मागणी इतकी होती की जे बनेल ते विकले जाई. या सुकाळात कंपनीची धार बोथट झाली. अध्यक्ष के. टी. केलर यांना टोपी घालून आरामात बसता येईल अशा उंच गाड्या पसंत होत्या, तर ग्राहक लांब आणि बसक्या गाड्यांकडे वळला होता. १९५० मध्ये निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर १०४ दिवसांचा संप झाला, आणि लवकरच दुसरे स्थान फोर्डकडे परत गेले. १९५१ चे अर्धगोलाकार ज्वलनकक्षाचे ‘हेमी’ इंजिन आणि १९५५ पासून व्हर्जिल एक्सनर यांनी आखलेली नवी रूपे यांनी कंपनीला पुन्हा उभारी दिली. पण हे यश लवकर वटवण्याच्या नादात १९५७ च्या गाड्या घाईने बाजारात उतरवल्या गेल्या. दिसायला देखण्या असलेल्या या गाड्या गळत होत्या, गंजत होत्या. पुढच्याच वर्षी मंदी आली तेव्हा ग्राहकाचा विश्वास आधीच उडालेला होता. डीसोटो हे नाव १९६० च्या अखेरीस बंद झाले. त्याच वर्षी अध्यक्षपदी आलेल्या विल्यम न्यूबर्ग यांना, सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत त्यांचे हितसंबंध असल्याचे उघड झाल्यावर, सुमारे दोन महिन्यांत पायउतार व्हावे लागले.

१९६१ मध्ये सूत्रे हाती घेतलेले लिन टाउनसेंड हिशेबतपासनीस होते. त्यांनी खर्चाला शिस्त लावली, इंजिन व गिअर यांच्यासाठी पाच वर्षांची हमी दिली आणि विक्री वाढवली. मात्र या वाढीचा मोठा हिस्सा युरोपात गुंतला : फ्रान्सची सिम्का, ब्रिटनची रूट्स आणि स्पेनची बारेरॉस या तिन्ही कंपन्या क्रायस्लरने एकामागून एक ताब्यात घेतल्या. या कंपन्यांची यंत्रे, गाड्या आणि कामगारसंबंध यांचा एकमेकांशी मेळ नव्हता, आणि त्यांना सावरण्याइतका पैसा क्रायस्लरकडेही नव्हता. मायदेशी त्याहून घातक प्रथा रूढ झाली. वितरकांची मागणी नसतानाही कारखाने चालू ठेवायचे, तयार गाड्या मोकळ्या मैदानांवर साठवायच्या आणि तिमाही संपत आली की सवलती देऊन त्या वितरकांच्या गळ्यात मारायच्या. उत्पादनाचा आकडा त्यामुळे फुगलेला दिसे; गाड्या मात्र उन्हापावसात खराब होत, आणि वितरकही भाव पडेपर्यंत थांबायला शिकले. १९७४–७५ च्या मंदीत पैशाची चणचण भासताच कात्री लागली ती अभियंत्यांवर. १९३० च्या दशकातल्या क्रायस्लरने जे राखले होते तेच या क्रायस्लरने कापले. त्यानंतर आलेल्या डॉज अॅस्पेन आणि प्लिमथ व्होलारे या गाड्या दोषदुरुस्तीसाठी वारंवार परत बोलवाव्या लागल्या.

इथे पहिला आक्षेप येतो. १९७३ आणि १९७९ ची तेलसंकटे सर्वांनाच झोंबली, जपानी गाड्यांनी सर्वांचीच बाजारपेठ खाल्ली. मग दोष क्रायस्लरच्या कारभाराचा कसा? आघात समान होता हे खरे, पण सरकारच्या दारात जाण्याची वेळ तेव्हा तिघींपैकी एकट्या क्रायस्लरवर आली. युरोपीय व्यवसाय १९७८ मध्ये प्यूजोला विकावा लागला, आणि १९७९ मध्ये कंपनीला सुमारे ११० कोटी डॉलरचा तोटा झाला. दुसरा आक्षेप आकाराचा आहे : तिसऱ्या क्रमांकाच्या कंपनीला नव्या गाडीचा विकासखर्च कमी गाड्यांवर वाटावा लागतो, म्हणून तिचे संकट अटळ होते. या म्हणण्यात तथ्य आहे. पॅकार्ड आणि स्टुडबेकर यांचा अंत त्याची साक्ष देतो. पण आकार हेच निर्णायक कारण असते, तर १९९० च्या दशकाच्या मध्यावर याच तिसऱ्या क्रमांकाच्या कंपनीने दर गाडीमागे तिघींत सर्वाधिक नफा कमावला नसता. आकार लहान असला की चुकीला जागा कमी उरते. चूक करायला तो भाग पाडत नाही.

७ जानेवारी १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या स्वाक्षरीने कर्जहमीचा कायदा अमलात आला. सरकारने रोख पैसे दिले नाहीत, तर १५० कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. त्यापैकी १२० कोटींचे कर्ज उचलले गेले. बदल्यात बँका, वितरक, राज्य सरकारे आणि कामगार या सर्वांना झीज सोसावी लागली. संघटित कामगारांनी सुमारे ४६ कोटी डॉलरच्या सवलती सोडल्या, हजारोंनी नोकऱ्या गमावल्या, आणि कामगार संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर यांना संचालक मंडळावर जागा मिळाली. रणगाड्यांचा फायदेशीर व्यवसायही १९८२ मध्ये जनरल डायनॅमिक्सला विकला गेला. १९८३ मध्ये, मुदतीच्या सात वर्षे आधी, कर्ज फिटले, आणि सरकारला मिळालेल्या समभाग-हक्कांतून ३० कोटी डॉलरहून अधिक नफा झाला.

या पुनरुत्थानाचे श्रेय ली आयाकोका या एका नावावर जमा करण्याची प्रथा आहे. फोर्डमधून काढले गेल्यावर नोव्हेंबर १९७८ मध्ये ते क्रायस्लरमध्ये आले. अमेरिकी काँग्रेससमोर बाजू मांडणे, जाहिरातींत स्वतः उभे राहणे, गाड्यांचे मैदानी साठे बंद करणे ही त्यांची कामगिरी मोठीच आहे. पण ज्या गाड्यांनी कंपनी वाचवली त्यांची तयारी आधीच सुरू झाली होती. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या ऑम्नी आणि होरायझन या छोट्या गाड्या त्यांच्या आगमनापूर्वी, १९७८ च्या आरंभी, विक्रीस आल्या होत्या. १९८१ सालासाठी आलेली ‘के’ मालिकेतील एरीज–रिलायंट ही जोडीही आधीच आखली जात होती. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मिनीव्हॅनमागे आयाकोकांच्या आधीच फोर्ड सोडून आलेले हॅल स्पर्लिक होते. घरच्या गॅरेजमध्ये मावणारी, सात जणांना नेणारी ही गाडी अमेरिकी कुटुंबांनी उचलून धरली आणि वाहनांचा एक नवा वर्गच तयार झाला. अभियंते, सवलती सोडणारे कामगार आणि हमी देणारे सरकार यांना बाजूला सारून या यशाची गोष्ट सांगणे अन्यायाचे आहे.

त्यानंतरची समृद्धी पुन्हा तशीच खर्ची पडली. १९८५ मध्ये क्रायस्लरने गल्फस्ट्रीम ही विमाने बनवणारी कंपनी घेतली, माझेरातीबरोबर एक महागडी गाडी काढली, वित्तसंस्था खरेदी केल्या. ‘के’ गाडीच्या सांगाड्यावर मात्र वर्षानुवर्षे नव्या नावांचे साज चढत राहिले. दशकाअखेर कंपनी पुन्हा अडचणीत आली आणि गल्फस्ट्रीम विकून टाकावी लागली. याला ठळक अपवाद १९८७ च्या अमेरिकन मोटर्सच्या खरेदीचा. त्या व्यवहारात जीप हे नाव मिळाले, आणि फ्रांस्वा कास्तें यांच्यासारखे अभियंतेही मिळाले. एका गाडीवर काम करणाऱ्या आखणी, उत्पादन व खरेदी विभागांच्या माणसांना एकाच गटात बसवण्याची पद्धत त्यांनी रुजवली, आणि १९९२ पासूनच्या ग्रँड चेरोकी व ‘एलएच’ मालिकेच्या गाड्यांनी तिची परिणामकारकता दाखवून दिली. याच काळात अध्यक्ष रॉबर्ट ईटन येऊ घातलेल्या मंदीसाठी गंगाजळी राखू पाहत होते. गुंतवणूकदार कर्क केर्कोरियन यांनी १९९५ मध्ये कंपनी ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. तो फसला, पण भागधारकांना अधिक पैसा वाटण्याचा दबाव राहिला.

मे १९९८ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी सुमारे ३,६०० कोटी डॉलरचे विलीनीकरण जाहीर झाले. बरोबरीच्या दोघांचा संसार असे त्याचे वर्णन केले गेले. क्रायस्लरला आपण विभाग म्हणूनच ठेवणार होतो, असे डाइम्लरचे प्रमुख युर्गेन श्रेम्प यांनी २००० मध्ये उघडपणे मान्य केले. तोवर क्रायस्लरचे जाणते अधिकारी बाहेर पडू लागले होते आणि तोटा सुरू झाला होता. २००१ च्या आरंभी २६,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी प्लिमथ हे नाव संपले. २००७ मध्ये सर्बेरस या गुंतवणूक संस्थेने ८०.१ टक्के हिस्सा घेतला, आणि ३० एप्रिल २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्या वेळची जागतिक मंदी फोर्डलाही भोवली, पण फोर्डने २००६ मध्येच मालमत्ता गहाण टाकून मोठे कर्ज उभे केले होते, त्यामुळे तिला दिवाळखोरी टाळता आली. क्रायस्लरसाठी अमेरिकी सरकारने एकूण १,२५० कोटी डॉलर गुंतवले. त्यापैकी सुमारे १३० कोटी परत आले नाहीत. ही किंमत हजारो कामगारांच्या रोजगाराच्या आणि निवृत्तांच्या आरोग्यनिधीच्या तुलनेत कमीच म्हणावी लागेल. पण ती करदात्यांनी मोजली आणि तेजीतला लाभ इतरांनी घेतला, हे नोंदवणे आवश्यक आहे.

महाराष्ट्राशी या कंपनीचा जुना संबंध आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी तांत्रिक करार केला आणि मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून डॉज, डीसोटो व प्लिमथ गाड्या आणि फार्गो ट्रक जोडले जाऊ लागले. पुढे याच कारखान्यात फियाटच्या गाड्यांनी मुख्य जागा घेतली. महिंद्राने भारतात बनवलेली जीप मात्र विलीज कंपनीच्या परवान्यावरची होती; जीप हे नाव क्रायस्लरकडे १९८७ मध्ये आले. पुण्याजवळील रांजणगाव येथे २०१७ पासून जीप कंपास बनते.

दिवाळखोरीनंतर सर्जियो मार्किओने यांच्या नेतृत्वाखाली फियाटने २०१४ पर्यंत क्रायस्लरची संपूर्ण मालकी मिळवली, आणि १६ जानेवारी २०२१ रोजी फियाट-क्रायस्लर व प्यूजो समूह यांच्या विलीनीकरणातून स्टेलँटिस अस्तित्वात आली. तिची नोंदणी नेदरलँड्समध्ये आहे. जीप आणि डॉज या नावांचा वेगळा व्यवसाय चालू असला तरी संस्थापकाचे नाव मिरवणाऱ्या गाड्यांची यादी आक्रसत गेली आहे. ‘३००’ या मोठ्या गाडीचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबले, आणि त्यानंतर क्रायस्लरच्या नावाने कॅनडातील विंडसर येथे बनणारी मिनीव्हॅन तेवढी उरली.