पैगणका आणि इतर नावं

1966 साली निघालेल्या 'इंडो-जॅझ सूट' या रेकॉर्डवर दहा वादक आहेत. पाच जॅझवाले, पाच भारतीय बाजूचे. भारतीय बाजूत तंबोऱ्यापुढे नाव छापलं आहे: चंद्रहास पैगणका. मराठी किंवा कोकणी घरात वाढलेला माणूस इथे अडखळतोच. गावावरून आलेलं आपलं आडनाव 'का'वर कधी संपत नाही. शेवटचा 'र' लंडनच्या छापखान्यात गळून पडलेला दिसतो. तबल्यावर आहेत केशव साठे. त्यांचंही नाव काही याद्यांत 'केशन' असं उतरलं आहे. हे साठे 1950च्या दशकात मुंबईहून लंडनला गेलेले. पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, 'जॅझ मीट्स इंडिया' या रेकॉर्डवर स्विस पियानोवादक इरेन श्वाइट्झर यांच्या त्रयीबरोबर तेच तबल्याला होते. त्या वेळच्या युरोपात याहून धाडसी संगीत फारसं कुणी वाजवत नव्हतं. मराठीत साठ्यांवर किती लिहिलं गेलंय? मी बेळगावची. तुलनात्मक साहित्यात एम. ए. केलं, वीसेक वर्षं भाषांतरावर पोट भरते, मराठी नियतकालिकं नेमाने वाचते. मला हे नाव मराठी मजकुरात भेटलं नाही. ते मिळालं बेंगळुरूत, एका तमिळ मित्राने हातात ठेवलेल्या सीडीमुळे. "तुमचा माणूस आहे ना हा?" एवढंच तो म्हणाला होता.

कोणत्या रेकॉर्डवर कोण वाजवतंय याची नोंद ठेवणं हे जॅझमध्ये आधीपासून ऐकणाऱ्यांचं काम राहिलं आहे. सुरुवातीच्या काळात ग्रामोफोन कंपन्या लेबलवर बहुधा फक्त बँडचं नाव छापत. आतला ट्रम्पेट कुणाचा, हे ज्याने त्याने कानाने ओळखायचं. पॅरिसमध्ये 1932 साली 'हॉट क्लब द फ्रान्स' नावाचं मंडळ निघालं. त्यातल्या शार्ल दलोने या तरुणाने 1936 मध्ये 'हॉट डिस्कोग्राफी' हे पुस्तक काढलं: कोणती रेकॉर्ड, कधीची, वादक कोण. हा माणूस रेकॉर्ड कंपनीचा नोकर नव्हता, दर्दी होता. पण या मंडळाचं मला जास्त महत्त्वाचं वाटणारं काम वेगळं आहे. त्यांनी कार्यक्रम लावले, आणि जँगो राइनहार्ट व स्तेफान ग्रापेली यांच्या पंचकाला आपलं नाव देऊन उभं केलं. याद्या करणारेच खुर्च्या मांडणारे होते.

आपल्याकडे याला जोड शोधायची तर जॅझमध्ये शोधून चालणार नाही. कोल्हापूरचा देवल क्लब 1883चा. बेंगळुरूचा गायन समाज 1905चा. सभासदांनी वर्गणी भरायची, वर्गणीतून गवयाची बिदागी, आणि बैठक उठल्यावर पायऱ्यांवर उभं राहून "अमक्याचा मारवा ऐकलायस का?" हे सुरू. म्हणजे ऐकणारा हाच पैसे देणारा होता. आपल्या शास्त्रीय संगीताने संस्थानं गेल्यावरही तग धरला, त्यामागे ही व्यवस्था आहे असं मला वाटतं. रेडिओ होताच. पण रेडिओ आवड तयार करतो, बिदागीचा प्रश्न तो सगळ्यांसाठी सोडवत नाही.

मुंबईतल्या जॅझला ही व्यवस्था मिळाली नाही. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी बँड ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ आणखी आले आणि त्यांचं ऐकून, त्यांच्याबरोबर बसून गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळांत सुरावट वाचायला शिकलेली ही मंडळी होती, म्हणून फार लवकर तयार झाली. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवत. त्यांना लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पण या साऱ्यांना पैसे द्यायचं हॉटेल, आणि हॉटेलला पैसे द्यायचा नाचायला आलेला गिऱ्हाईक. कान देऊन ऐकणारा त्या हिशेबात कुठेच नव्हता. स्वातंत्र्यानंतर नाचणाऱ्यांतले बरेच देश सोडून गेले, मुंबई राज्यात दारूबंदी आली, आणि नाचघरं रोडावली तसं संगीतही रोडावलं.

वादक गेले सिनेमात. तिथे त्यांना आपण सगळ्यांनी ऐकलंय, फक्त नावाने नाही. 1951चा 'अलबेला' आठवा. भगवानदादांचा नाच आठवेल, चितळकरांचा आवाज आठवेल. पडद्यावर झालरीचे शर्ट घालून मागे वाजवणारा बँड चिक चॉकलेट यांचा होता, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांची पिढी स्विंगवर ताल धरत मोठी झाली आणि जॅझ म्हटलं की नाक मुरडत राहिली. सिनेमाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव येई, वादकांची बहुधा येत नसत. ती यादी कुणा दलोनेने त्या वेळी केली असती तर आज पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या असत्या.

दर्दी नव्हते असं नाही. 1952 मध्ये मुंबईत 'ब्लू ऱ्हिदम' नावाचं जॅझला वाहिलेलं इंग्रजी मासिक निघालं. निरंजन झवेरी त्यामागच्या मंडळींतले. ते फार काळ चाललं नाही. 1955 पासून 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला आणि शॉर्टवेव्हच्या खरखरीतून तो ऐकत एक पिढीच्या पिढी घडली. 1958 मध्ये डेव्ह ब्रुबेक आले, 1963 मध्ये ड्यूक एलिंग्टन. त्यांना अमेरिकी सरकारने पाठवलं होतं. शीतयुद्धातला तो एक मोहरा होता. आपल्या दर्दी मंडळींना न्यूयॉर्कच्या बँडमधला तिसरा सॅक्सोफोन कुणाचा हे तोंडपाठ असे. पण दादरच्या स्टुडिओत वाजवून लोकलने घरी जाणाऱ्या माणसाचं नाव त्यांच्या वहीत असेच असं नव्हतं. मी हे कुत्सितपणे लिहीत नाही. रेकॉर्डच तिकडून येत, इकडच्यांच्या फारशा निघत नसत. मग वहीत लिहिणार काय? तरीही या प्रेमाचं तोंड बाहेरच्या दिशेला होतं, आणि त्याची किंमत इथल्या वादकांनी मोजली, असं माझं मत आहे.

झवेरींना हे कळलं असावं, कारण पंचवीसेक वर्षांनी त्यांनी केलेलं काम दुसऱ्या जातीचं आहे. 'जॅझ इंडिया' या संस्थेतर्फे 1978 मध्ये मुंबईच्या रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' भरली. धोबी तलावाजवळचं उघडं नाट्यगृह, आणि मंचावर सनी रोलिन्स. मोठे पाहुणे ही एक बाजू. दुसरी अशी की त्याच मंचासाठी इथले वादक एकत्र बांधले गेले: गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस, कोलकात्याहून आलेले पियानोवादक लुईझ बँक्स आणि बेंगळुरूच्या कर्नाटकी गायिका आर. ए. रमामणी. ही माणसं पुढे युरोपातही वाजवून आली. देवल क्लबचं सूत्र जॅझला उशिरा का होईना लागलं. तेही दर दोन वर्षांनी, प्रायोजक मिळेल तसं.

रमामणींचं नाव आलं की गोष्ट बेंगळुरूत येते. इथल्या 'कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन'ची स्थापना 1964ची, मृदंगवादक टी. ए. एस. मणी हे तिचे प्रमुख, रमामणी त्यांच्या पत्नी. बॉस्टनचे सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांनी 1960च्या दशकात मलेशियात नादस्वरम ऐकलं, ते शिकायला दक्षिण भारतात आले, आणि या मंडळींशी त्यांचं जमलं ते कायमचं. 1983 मध्ये म्युनिकच्या ईसीएम कंपनीने 'ज्योती' ही त्यांची रेकॉर्ड काढली. तिच्यात मारियानो आपली बासरी आणि सॅक्सोफोन घेऊन कर्नाटकी घरात पाहुण्यासारखे वागतात. चपला बाहेर काढून आत येतात, एवढंच म्हणेन. रमामणींचा आवाज पहिल्या क्षणापासून घरच्या मालकिणीचा आहे. फ्यूजन म्हणून पुढे जे पुष्कळ निघालं त्यात हा मान क्वचित दिसतो. मृदंग, घटम, खंजिरी आणि तोंडाने म्हटलेले बोल यांचं जे काम यात आहे त्याला 'साथ' म्हणणं मला जमत नाही. रेकॉर्ड जर्मनीत ध्वनिमुद्रित झाली आणि आधी युरोपातल्या दर्दींच्या याद्यांत गेली. गुरुकुल मात्र इथेच होतं, आपल्या रिक्षाच्या अंतरावर.

याच्या उलटा प्रवास कार्लटन किट्टो यांचा. जन्म बेंगळुरूचा. रेकॉर्ड ऐकून ऐकून बिबॉप गिटार शिकलेला हा माणूस 1970च्या दशकात कोलकात्यात गेला आणि 2016 मध्ये वारला तोवर तिथेच राहिला. पार्क स्ट्रीटवरचं संगीत ओसरलं, तरी ते बिबॉपच वाजवत राहिले आणि गिटार शिकवत राहिले. त्यांना जगासमोर आणलं न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या सुशील कुरियन यांनी, 'फाइंडिंग कार्लटन' या माहितीपटातून. त्याच सुमारास, 2012 च्या आगेमागे, नरेश फर्नांडिस यांचं मुंबईच्या जॅझवरचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक आलं, सोबत जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडी घेऊन. कुरियन आणि फर्नांडिस यांनी केलं ते दलोनेचंच काम, सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी. उशीर झाला होता. चिक चॉकलेट 1967 मध्येच गेले होते.

आणि ज्यो हॅरियट? 'इंडो-जॅझ सूट'वर सॅक्सोफोन वाजवणारा हा जमैकन माणूस इंग्लंडमध्ये मुक्त जॅझचा आद्य वादक मानला जातो. 1973 मध्ये, वयाच्या 44व्या वर्षी, तो हलाखीत वारला. त्याच्या रेकॉर्डच्या मूळ प्रती आज संग्राहक भारी किमतीला घेतात. त्यातला पैसाही त्याला मिळाला नसता, जिवंत असता तरी. जुनी रेकॉर्ड विकत घेणं आणि वादकाला पैसे देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हा गोळा करणाऱ्यांना सोयीस्करपणे विसरता येतं.

सध्याच्या बेंगळुरूत परिस्थिती वाईट नाही. व्हाइटफील्डच्या 'विंडमिल्स'मध्ये 2012 पासून तिकीट काढून जॅझ ऐकता येतं. बियरचे भाव पाहून मी आधी जेवून जाते, पण लोक गप्प बसून ऐकतात, हे काही थोडं नाही. 20 मार्च 2020 रोजी, सगळे कार्यक्रम बंद पडले असताना, बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या कंपनीने एक दिवस आपला हिस्सा सोडला आणि पुढे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तो सोडायची प्रथा पाडली. जगभरच्या दर्दींनी त्या दिवसांत एकमेकांना नावं सुचवली आणि ती विकतही घेतली. शिफारस आणि बिदागी पुन्हा एका जागी आली ती अशी.

मल्लेश्वरमला आमचा दहा-बारा जणांचा गट आहे: मराठी, कन्नड, तमिळ, एक मल्याळी. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसतो. ज्याची पाळी त्याने रेकॉर्ड निवडायची आणि आधी सगळ्या वादकांची नावं मोठ्याने वाचायची, असा नियम आहे. नावं देवनागरी आणि कन्नडमध्ये वहीत उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे. पैंगणकर मी 'र'सकट लिहिले आहेत. वर्गणी माणशी दोनशे रुपये. चहाचा खर्च वजा जाता उरेल त्यातून गावातल्या एखाद्या वादकाचा नवा अल्बम घ्यायचा किंवा सगळ्यांनी मिळून तिकिटं काढायची. जून महिन्याची पाळी माझी आहे. 'ज्योती' लावणार आहे.