निवृत्तीनंतरचा विमा आणि ‘गरर’चा प्रश्न

कुणी शिक्षक निवृत्त व्हायला आला की स्टाफरूममध्ये दोन प्रश्न निघतात. पेन्शन कधी सुरू होणार आणि दवाखान्याचं काय? मग कुणीतरी हळूच विचारतं, “मेडिक्लेम जायज आहे का?” या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

कैरोमध्ये १२८४-८५ साली मामलुक सुलतान कलावून यांनी मन्सुरी बिमारिस्तान उभारलं. ते वक्फच्या उत्पन्नावर चालायचं आणि वक्फनाम्यानुसार गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सगळ्यांना तिथे उपचार मिळत. आजारपणाचा खर्च एकट्याच्या खिशावर पडू नये, हा विचार आपल्याला परका नाही.

विम्याचा करार मात्र नवा होता. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांच्यासमोर तो जहाजांच्या निमित्ताने आला. व्यापारी ‘सौकरा’ नावाची रक्कम भरत आणि माल बुडाला तर भरपाई मागत. शरीअतने ज्याच्यावर जबाबदारी टाकलेली नाही, त्याच्यावर ती अशा कराराने येत नाही, म्हणून ही भरपाई घेणं जायज नाही, असं त्यांनी लिहिलं.

पुढे चर्चेत रिबा आणि किमार यांच्याबरोबर ‘गरर’ हा शब्द महत्त्वाचा ठरला. गरर म्हणजे व्यवहारातली घातक अनिश्चितता. पाण्यातला मासा पकडण्याआधीच विकणं, हे त्याचं जुनं उदाहरण. १९८५ मध्ये जेद्दाहच्या फिकह अकादमीने ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा गररमुळेच नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्याचा विमा हा पर्याय सांगितला. अशी कंपनी सुदानमध्ये १९७९ सालीच निघाली होती. मलेशियाने १९८४ मध्ये तकाफुलचा कायदा केला.

आता अमेरिकेकडे पाहू. तिथे १९६५ साली ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर आलं. त्यात डॉक्टरांच्या बिलाचा साधारण ८० टक्के भाग सरकार देतं, बाकीचा रुग्णावर. ही दरी भरायला खासगी ‘मेडिगॅप’ पॉलिस्या निघाल्या. प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या. म्हाताऱ्या माणसांना एकाच खर्चासाठी दोन-दोन पॉलिस्या विकल्या गेल्या. शेवटी १९९० च्या कायद्याने हे थांबवलं. १९९२ पासून ‘ए’ ते ‘जे’ असे दहा ठरलेले नमुने आले. एका अक्षराचे मूळ फायदे सगळ्या कंपन्यांत सारखेच, मग तुलना मुख्यतः हप्त्याची उरली.

या कायद्याचा फिकहशी काही संबंध नव्हता. पण त्याने घाव घातला तो घेणाऱ्याला न कळणाऱ्या कराराच्या अंधारावर. गररचा एक मोठा भाग तोच आहे.

आपल्याकडे १९८६ मध्ये मेडिक्लेम सुरू झालं. सगळ्या कंपन्यांत सारख्या अटी असलेली ‘आरोग्य संजीवनी’ यायला २०२० उजाडलं. २०२४ पासून ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्यात हप्ता नाही, म्हणून वय बसत असेल तर आधी ते कार्ड काढावं. त्यावर पूरक म्हणून टॉप-अप घेणार असाल तर ‘डिडक्टिबल’ची रक्कम पाहा. तेवढा खर्च आधी आपल्याला किंवा दुसऱ्या पॉलिसीला सोसावा लागतो. साध्या टॉप-अपमध्ये ती सहसा प्रत्येक वेळी दाखल झाल्यावर मोजतात, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची मिळून. जुन्या आजारांची प्रतीक्षा किती, खोलीच्या भाड्याला मर्यादा किती, बिलातला किती टक्के वाटा आपला, हेही लिहून घ्या.

जायज-नाजायज सांगायला मी मुफ्ती नाही, आणि यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. विचारायला जाल तेव्हा पॉलिसीचा कागद सोबत न्या. मुफ्तीसाहेबही आधी करारात काय लिहिलंय हेच विचारतील, आणि तेच आपल्याला सांगता येत नसेल तर सही करायची घाई कशाला?