हॅथवे की व्हेटली?

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना अलीकडे वंशावळी तयार करण्याची हौस लागली आहे, आणि ती चांगली आहे. पणजोबांपर्यंतचा माग बहुधा सहज लागतो. अडते ते पणजीपाशी. ती कोणाची लेक, कोणत्या गावची, तिचे माहेरचे आडनाव काय, असा प्रश्न निघाला की घरातील दोन वडीलधाऱ्यांकडून दोन उत्तरे येतात, आणि चर्चची नोंदवही उघडावी तर कधीकधी त्यात तिसरेच नाव दिसते. मग जो तो आपल्या सोयीचा कागद पुढे करतो. अशा वादात निवाडा कसा करावा, हे समजण्यासाठी आम्ही येथे एक जुने आणि गाजलेले प्रकरण वाचकांपुढे ठेवत आहोत. ते चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचे व इंग्लंडातील आहे. ज्याचे ‘हॅम्लेट’ आगरकरांनी 1883 साली ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले, त्या शेक्सपिअरच्या पत्नीचे माहेर कोणते, हा तो वाद.

1582 च्या नोव्हेंबर महिन्यात विल्यम शेक्सपिअर अवघा अठरा वर्षांचा होता. त्याचा बाप्तिस्मा 26 एप्रिल 1564 रोजी स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये झाला होता. वधूचे नाव अॅन. ती त्याच्याहून सुमारे आठ वर्षांनी मोठी, आणि गरोदर होती. त्यांची पहिली मुलगी सुझाना हिचा बाप्तिस्मा पुढल्या वर्षी 26 मे रोजी झाला. लग्नाची घाई होती, आणि पंचांग आड येत होते. विवाहापूर्वी चर्चमध्ये तीन वेळा जाहीर घोषणा करण्याचा नियम होता. परंतु 2 डिसेंबरपासून आगमनकाळ सुरू होणार होता, आणि त्या दिवसापासून 13 जानेवारीपर्यंत विवाहाला बंदी होती. रोमशी फारकत घेतलेल्या इंग्लंडनेही हा नियम टिकवला होता. (त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पोप तेरावे ग्रेगरी यांनी नवी दिनदर्शिका लागू केली, इंग्लंडने मात्र 1752 पर्यंत ती स्वीकारली नाही. तेव्हा येथील तारखा जुन्या गणनेच्या आहेत.) यातून सुटण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे एकाच घोषणेनंतर विवाह लावण्याचा बिशपांचा परवाना. तो वूस्टर येथील बिशपांच्या कचेरीतून मिळवण्यात आला.

वाद उभा राहतो तो याच कचेरीच्या दोन कागदांमुळे. बिशपांच्या नोंदवहीत 27 नोव्हेंबर 1582 या तारखेखाली, टेंपल ग्राफ्टन गावच्या अॅन व्हेटलीशी विवाह करण्याचा परवाना विल्यम शेक्सपिअरला दिल्याची लॅटिन नोंद आहे. दुसऱ्या दिवशी, 28 नोव्हेंबरला, दोन शेतकऱ्यांनी त्याच विवाहासाठी चाळीस पौंडांचे हमीपत्र लिहून दिले. त्यात मात्र वधू आहे स्ट्रॅटफर्डची अविवाहित कन्या अॅन हॅथवे. एका दिवसाच्या अंतराने नाव बदलले, गावही बदलले.

अशा वेळी पहिला उपाय म्हणजे विवाहाची मूळ नोंद पाहणे. ती आजवर कुठेही सापडलेली नाही. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत. सुझानाची आहे, आणि 2 फेब्रुवारी 1585 ची हॅम्नेट व ज्युडिथ या जुळ्यांचीही आहे. परंतु त्यांत केवळ ‘विल्यम शेक्सपिअरची मुले’ एवढेच लिहिले आहे. आईचे नावच नाही! शेक्सपिअरने आपल्या मृत्युपत्रातही पत्नीचा उल्लेख ‘माझी पत्नी’ असाच केला. नाव घातले नाही. तिच्या थडग्यावर नाव आहे, तेही विल्यम शेक्सपिअरची पत्नी अॅन एवढेच. तिचा स्वतःचा बाप्तिस्मा शोधावा तर तीही वाट बंद आहे. 6 ऑगस्ट 1623 रोजी ती वारली तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती असे थडग्यावर कोरले आहे. म्हणजे जन्म 1556 च्या आसपासचा. स्ट्रॅटफर्डची नोंदवही सुरू होते 1558 पासून. जगातील सर्वांत नावाजलेल्या लेखकाच्या पत्नीची ही गत, तर आपल्या पणज्यांची नावे हरवली यात नवल ते काय!

कागद मुके झाले की कल्पनाशक्ती बोलू लागते. फ्रँक हॅरिस नावाच्या लेखकाने विसाव्या शतकाच्या आरंभी या दोन नावांच्या दोन स्त्रिया केल्या. शेक्सपिअरचे खरे प्रेम व्हेटलीवर होते, हॅथवेच्या घरच्यांनी त्याला धरून आणून बोहल्यावर उभे केले, असे कथानक त्याने रचले. ते रंजक आहे, म्हणूनच अजून सांगितले जाते. आम्हा कॅथलिकांनाही येथे एक मोह आहे. टेंपल ग्राफ्टनला त्या वेळी जॉन फ्रिथ नावाचे एक वृद्ध धर्मगुरू होते. 1586 च्या एका पाहणीत प्रॉटेस्टंट तपासनिसांनी ते जुन्या धर्मश्रद्धेचे असल्याची तक्रार नोंदवली, आणि जखमी ससाण्यांवर उपचार करणे हाच त्यांचा मुख्य उद्योग आहे असा टोमणाही मारला. शेक्सपिअरचा विवाह अशा धर्मगुरूच्या हातून झाला असता तर आपल्याला आवडले असते. पण आवडणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे.

या गुंत्याची उकल जोसेफ विल्यम ग्रे या संशोधकाने 1905 साली प्रसिद्ध केली, आणि ती कशी केली हेच आम्हांस महत्त्वाचे वाटते. ती दोन नावे पुन्हा पुन्हा न्याहाळत न बसता त्याने लिहिणाऱ्या कारकुनाकडे पाहिले. त्याच नोंदवहीतील इतर परवाने त्याने त्यांच्या हमीपत्रांशी ताडून पाहिले. तेव्हा दिसले की हा कारकून आडनावांच्या बाबतीत भलताच निष्काळजी होता. बार्बरचे बेकर, एल्कॉकचे एजकॉक, ब्रॅडलीचे डार्बी असे फेरबदल त्याच्या हातून झाले होते. मग ग्रेने 27 नोव्हेंबरचे इतर कामकाज तपासले. त्या दिवशी बिशपांच्या न्यायालयापुढे चाळीस प्रकरणे आली होती, आणि त्यांपैकी एक होते क्राउल गावचे व्हिकार विल्यम व्हेटली यांनी दशांश न मिळाल्याबद्दल केलेल्या दाव्याचे. व्हेटली हे नाव त्या दिवशी कारकुनाच्या कानांत घुमत होते. हॅथवे लिहिताना तेच लेखणीतून उतरले. ज्यांनी दिवसभर नोंदी लिहिण्याचे काम केले आहे त्यांना यात काही अशक्य वाटणार नाही.

तरीही नुसत्या चुकीच्या शक्यतेवर निकाल देता येत नाही. हॅथवे हेच नाव बरोबर कशावरून? येथे हमीपत्र उपयोगी पडते. कचेरीने आपल्या वहीत स्वतःसाठी केलेली नोंद एकीकडे, आणि ज्यांचे चाळीस पौंड धोक्यात होते त्यांनी आपल्या नावानिशी बांधून घेतलेले पत्र दुसरीकडे. नाव चुकले तर नुकसान त्यांचे होते. शिवाय हे जामीन होते तरी कोण? फल्क सँडेल्स आणि जॉन रिचर्ड्सन. शॉटरी या स्ट्रॅटफर्डलगतच्या वाडीत रिचर्ड हॅथवे नावाचा सुखवस्तू शेतकरी राहत असे. 1 सप्टेंबर 1581 च्या त्याच्या मृत्युपत्रात सँडेल्सला देखरेखीसाठी नेमले आहे, आणि साक्षीदारांत रिचर्ड्सन आहे. वडील वारल्यावर लेकीच्या लग्नाला वडिलांचे विश्वासू शेजारी उभे राहिले! त्याच मृत्युपत्रात अॅग्नेस नावाच्या मुलीला, तिच्या विवाहाच्या दिवशी द्यावयाचे म्हणून, दहा मार्क, म्हणजे सहा पौंड तेरा शिलिंग चार पेन्स, ठेवले आहेत. अॅग्नेस आणि अॅन यांचा उच्चार त्या काळी इतका जवळचा होता की ही नावे एकमेकांऐवजी लिहिली जात.

अजून दोन धागे आहेत. रिचर्ड हॅथवेच्या मेंढपाळाने, थॉमस व्हिटिंग्टनने, 1601 साली मरताना स्ट्रॅटफर्डच्या गरिबांसाठी चाळीस शिलिंग ठेवले. ती रक्कम शेक्सपिअरची पत्नी अॅन हिच्याकडे होती. जुन्या घरगड्याने आपली पुंजी धन्याच्या लेकीच्या हाती ठेवली होती, असेच आम्ही याचे वाचन करतो. आणि 1670 साली वारलेल्या एलिझाबेथने, म्हणजे शेक्सपिअरच्या नातीने, आपल्या मृत्युपत्रात हॅथवे घराण्यातील मुलींसाठी आपले आप्त म्हणून देणग्या ठेवल्या. आजीचे माहेर नातीला ठाऊक होते. व्हेटलींपैकी कोणी या साऱ्यात कुठेही दिसत नाही. अॅन ही आधी व्हेटली नावाच्या कोणा गृहस्थाची विधवा असेल अशीही शक्यता काहींनी सुचवली होती. पण हमीपत्रातील ‘अविवाहित कन्या’ हे शब्द तिच्या आड येतात.

टेंपल ग्राफ्टनचे काय, हे मात्र उरतेच. कदाचित विवाह तेथे लागायचा असेल, कदाचित वडिलांच्या मृत्यूनंतर अॅन तेथे राहत असेल. आडनावाची चूक सिद्ध झाली म्हणून गावाचीही चूकच, असे म्हणणे आम्हांस घाईचे वाटते.

आता आपल्या नोंदवह्यांकडे वळू. विवाहांची व बाप्तिस्म्यांची वही ठेवण्याची सक्ती ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 साली धर्मगुरूंवर घातली; इंग्लंडात तसाच आदेश राजाच्या मंत्र्याने, थॉमस क्रॉमवेलने, 1538 मध्येच काढला होता. आपल्याकडील जुन्या वह्या पोर्तुगीज वा लॅटिन भाषेत आहेत, आणि त्यांतही कारकुनी सवयी आहेतच. ‘रॉड्रिग्ज’ हे आडनाव आखडून ‘रोइझ’ असे लिहिण्याची पोर्तुगीज लेखनिकांची जुनी पद्धत आहे. ती ठाऊक नसल्यास एका घराण्याची दोन घराणी होतात. पोर्तुगीज रीतीत स्त्रियांच्या नावापुढे ‘द जेझुस’, ‘द कॉन्सेसांव’ अशी भक्तिपर नावे येतात. ती वडिलांची आडनावे नव्हेत. एकाच आडनावाची अनेक घरे असलेल्या गावांत घराण्याचे दुसरे नाव प्रचलित असते, आणि म्हातारी माणसे तेच आडनाव म्हणून सांगतात. शॉटरीच्या हॅथवे कुटुंबालाही नोंदींत ‘ऊर्फ गार्डनर’ असे दुसरे नाव होतेच!

म्हणून पणजीच्या विवाहाच्या नोंदीत नावाखाली थांबू नये. साक्षीदार कोण ते उतरवून घ्यावे. मग तिच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी काढाव्या. एकाच मुलाची नव्हे, सर्वांची. धर्ममातापित्यांत मामा-मावशीची नावे पुष्कळदा सापडतात. एका नोंदीत व्हेटली आणि पाच नोंदींत हॅथवे निघाले तर निकाल अवघड नाही, मात्र त्या पाच नोंदी एकमेकींवरून नकललेल्या नाहीत याची खात्री करावी. ज्यांची पणजी अथवा आजी 1908 नंतर विवाहित झाली त्यांना आणखी एक सोय आहे. ‘ने तेमेरे’ या 1907 च्या आज्ञापत्राने, विवाह झाल्यावर त्याची टीप वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करण्याचे बंधन घातले, आणि ते 1908 च्या पुनरुत्थान सणापासून लागू झाले. ही टीप समासात असते, बारीक अक्षरात. तीत माहेर आणि सासर एका ओळीत भेटतात. दाखला मागताना केवळ नोंदीची नक्कल न मागता समासातील टिपेचीही मागावी. ती न मागता दिली जाईलच असे नाही.

एवढे करूनही दोन नावे उरली, तर वंशावळीत दोन्ही लिहावी, आणि प्रत्येकाखाली कोणत्या चर्चच्या कोणत्या वहीतून, कोणत्या पानावरून व कोणत्या तारखेच्या नोंदीतून ते घेतले हे शाईने नमूद करावे.