पांढऱ्या भुकटीतील भेसळ



भेसळ हा शब्द आपल्या कानांना कडू लागतो. दुधातील पाणी आणि डाळीतील खडे यांनी त्याला ती कीर्ती मिळवून दिली आहे. परंतु रसायनशास्त्रात एक पांढरी भुकटी अशी आहे की, तिचा शुद्धपणा हाच तिच्या कार्यातील अडसर ठरला. तिचे नाव टायटॅनियम डायऑक्साइड.

तिच्या मूळ धातूचा सुगावा इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला १७९१ साली काळ्या वाळूत लागला. (धर्म आणि विज्ञान यांचे हाडवैर असते, असे माझे विद्यार्थी कोठून तरी ऐकून येतात, त्यांना मी ग्रेगरची गोष्ट सांगतो.) रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतले इल्मेनाइट हे याच धातूचे खनिज होय.

विसाव्या शतकात ही भुकटी पांढऱ्या रंगासाठी खपू लागली, आणि तिचा दुर्गुणही उघडकीस आला. उन्हात राहिलेला रंग खडूसारखा हाताला लागे. १९३८ साली गुडीव्ह आणि किचनर यांनी दाखविले की, प्रकाशात ही भुकटी रंगद्रव्याचा रंग उडविते. कारखानदारांनी कणांवर सिलिकाचे लेप देऊन हा दोष झाकला. पुढे टोकियोत फुजिशिमा आणि होंडा यांनी तोच दोष कामास लावला. या द्रव्याच्या स्फटिकावर प्रकाश पाडून त्यांनी पाण्याचे विघटन केले. १९७२ साली त्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला.

हे घडते कसे? प्रकाशाचा आघात होताच इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो व मागे पोकळी राहते. ही पोकळी पाण्यापासून अतिशय जहाल असा हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करते, आणि तो मूलक पाण्यातील सेंद्रिय घाण जाळून टाकतो. मात्र अडचणी दोन. इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांची पुन्हा गाठ पडली, की सारी शक्ती उष्णतेत वाया जाते. शिवाय हा आघात अतिनील किरणांनीच होतो, आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा शेकडा पाचांच्या आसपास! उरलेले ऊन फुकट.

येथे भेसळ उपयोगी पडली. १९९४ साली चॉय, टर्मिन आणि हॉफमन यांनी काही नॅनोमीटर आकाराच्या कणांत एकवीस धातूंचे आयन एकेक करून मिसळून पाहिले. लोखंडाच्या आयनाने अर्ध्या टक्क्याच्या प्रमाणात क्रिया चांगलीच वाढविली, कारण तो इलेक्ट्रॉनला काही काळ अडवून धरतो. कोबाल्ट व ॲल्युमिनियम यांनी मात्र ती घटविली. प्रमाण वाढले, तर अडवणारी ठिकाणेच भेटीची ठिकाणे होतात. पिठात मीठ, एवढेच!

दुसऱ्या अडचणीवर नायट्रोजन चालला. १९८६ साली सातो यांना अमोनियायुक्त कृतीने केलेली भुकटी दृश्य प्रकाशातही काम करताना आढळली. २००१ साली आसाही व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनच्या काही जागी नायट्रोजन बसवून तसाच परिणाम ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे गेले. ही भुकटी पिवळसर दिसते. निळा प्रकाश ती शोषून घेते. तरी दृश्य प्रकाशातील तिचा वेग अतिनील प्रकाशातील वेगाची बरोबरी करीत नाही. शिवाय पाणी शुद्ध झाल्यावर इतके सूक्ष्म कण त्यातून परत वेगळे काढणे, हे काम अजून जिकिरीचेच आहे.